देवमाशाचा रेणू

आई नेहमी माझ्या डाव्या बाजूनं चालायची. बाजारात, लग्नात, दवाखान्यात, अगदी कोपऱ्यावरच्या गिरणीत ज्वारी दळायला जायचं असलं तरी. मी पिशवी डाव्या हातात घेतली की ती काढून उजव्या हातात द्यायची आणि स्वतः डावीकडे यायची. आदिलाबादचे रस्ते तेव्हा काही फार वाहते नव्हते. कापसाच्या बैलगाड्या यायच्या त्या दिवसांत काय ती गर्दी. पण गाडी असो वा नसो, माझी डावी बाजू हा आईचा मुलूख होता आणि तिथे ती दुसऱ्या कुणाला येऊ देत नसे.

कारण डाव्या डोळ्यानं मला दिसत नाही.

आमचं थोडं शेत तामसीकडच्या एका गावाला होतं. वडील तहसील कचेरीत नोकरीला, त्यामुळे शेत बटाईनं दिलेलं. पण कापूस निघून गेला की उभ्या पऱ्हाट्या मोडून सरपण आणायला आई हौसेनं जायची. मी पाचेक वर्षांची असेन. आई पुढे, मी तिच्या पाठीला लागून. तिनं एक अर्धवट ओली पऱ्हाटी वाकवली, ती मोडेना, हातातून निसटली आणि मागे माझ्या डोळ्यावर बसली. निर्मलचा डॉक्टर झाला, हैदराबादचा दवाखाना झाला. डोळा राहिला, नजर गेली. बुबुळावर पांढरं फूल पडलं ते कायमचं.

त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं, की आभाळ फार मोठं होतं आणि वेचायचा राहून गेलेला कापूस शेतात कुठे कुठे चमकत होता. दुखल्याचं आठवत नाही. आईला मात्र सगळं आठवायचं, त्या पऱ्हाटीची जाडीसुद्धा. त्यानंतर तिनं पऱ्हाटीला हात लावला नाही. थंडीत आजूबाजूला सगळ्यांकडे पऱ्हाट्यांवर पाणी तापायचं, आमच्याकडे लाकडं विकत यायची.

शाळेत पोरं मला पाहिलं की एक डोळा तळहातानं झाकायची आणि मुद्दाम एकमेकांवर धडकायची. मी त्यांना दगड मारायचे आणि माझा नेम चुकायचा, त्यामुळे त्यांना आणखीच ऊत यायचा. एकदा आईनं हे शाळेच्या भिंतीआडून पाहिलं. तिनं त्या पोरांच्या घरी जाऊन असं काही तोंडसुख घेतलं, की त्यांच्या आया कितीतरी दिवस आमच्या दारावरून मान खाली घालून जात. पुढे लग्नाची स्थळं आली तशी गेली. मला त्याचं फारसं वाटलं नाही. आलेली स्थळं आठवली की सुटले असंच वाटतं. वाटलं ते आईला. उघड ती बोलत नसे. फक्त संध्याकाळी दिवा लावल्यावर कधी कधी विचारायची, "दिसते का वं थोडं तरी?"

"आई, मले सगळं दिसते," मी म्हणायचे.

तिला ते पटत नसे. मी तिची समजूत घालते आहे असंच तिला वाटायचं, आणि ती दिव्याची वात उगाच पुढे-मागे करत बसायची.

एका डोळ्यानं जग सपाट दिसतं असं लोक समजतात. तसं काही नाही. पण सुईत दोरा ओवताना, कपात चहा ओतताना, कुणी फेकलेली किल्ली झेलताना पुढे काय आणि मागे काय ते मला चटकन कळत नाही. मग मी मान हलवते. जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे. मान हलली की जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी, आणि सगळं आपापल्या जागी जाऊन बसतं. हे मला कुणी शिकवलं नाही. लहानपणी खिडकीत बसून मी अंगणातल्या कडुनिंबाकडे बघत डुलत राहायचे. डुलले की फांद्या एकीतून एक सुट्या व्हायच्या, मधली पोकळी उघडायची आणि तिच्यात ऊन शिरलेलं दिसायचं. थांबले की झाड पुन्हा मिटायचं. दुपारच्या दुपारी मी तशा काढल्या आहेत, आणि त्या दुपारी वाया गेल्या असं मला अजूनही वाटत नाही.

पुस्तकातलं चित्र मात्र मान हलवून उघडत नाही. हे मला हैदराबादला एमएस्सी करताना कळलं. तिथे प्रोटीनच्या रचनेवरची पुस्तकं होती आणि त्यांत एकाच रेणूची दोन चित्रं शेजारी शेजारी छापलेली असत. ती दोन भिंगांच्या एका चष्म्यातून पाहायची. एका डोळ्याला एक चित्र, दुसऱ्याला दुसरं. ती दोन्ही मिसळली की रेणू कागदावरून वर उठून उभा राहतो, असं सगळे सांगत. चष्मा वर्गात फिरायचा. ज्याच्या हातात जाई तो तोंड उघडं टाकून बघत राही. माझ्या हातात आला तेव्हा मला एकच चित्र दिसलं, आणि ते कागदावरच होतं. मी तसं सांगून टाकलं.

आमचे प्राध्यापक म्हणजे भला माणूस. ते म्हणाले, "बेटी, तुम दूसरा कुछ ले लो. इसमें गहराई देखना पडता."

मी विषय सोडला नाही. इतक्या भल्या माणसावर चिडताही येईना, याचाच मला जास्त संताप आला.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी आदिलाबादला परत आले आणि एका डिग्री कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. मुलं तामसीहून, नेरडीगोंड्याहून बसनं येत. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या मराठी, कुणाच्या उर्दू. शिकवणं इंग्रजीत, समजावणं तेलुगूत आणि रागावणं ज्याच्या त्याच्या भाषेत, असा आमचा रिवाज होता.

प्रोटीन म्हणजे मण्यांची लांब माळ. मणी वीस तऱ्हांचे. ही माळ नुसती लोंबत नाही. ती स्वतःला पीळ घालते, वळते, दुमडते आणि एका ठरलेल्या आकारात जाऊन बसते. आकार बिघडला की काम बिघडलं. इथवर मी मुलींच्या वेण्यांवर आणि खाटेच्या सुंभावर निभावून न्यायचे. पिळासाठी वेणीइतकं चांगलं साधन नाही. शिवाय केस हे खुद्द प्रोटीनच, त्यामुळे पहिल्या बाकावरच्या वेण्या हे माझं हक्काचं साहित्य होतं. मुली आधी लाजायच्या, मग माझ्या तासाला मुद्दाम नीट वेणी घालून यायच्या.

गाडी अडायची ती मायोग्लोबिनशी. हे प्रोटीन देवमाशाच्या मांसात भरपूर असतं. देवमासा खोल बुडी मारतो तेव्हा त्याला पुरणारा प्राणवायू या रेणूंमध्ये साठवलेला असतो. माळेला आठ ठिकाणी पीळ, त्या पिळांच्या मध्ये एक कप्पा, कप्प्यात लोहाचा एक अणू, आणि त्या लोहाला धरून प्राणवायू बसतो. पुस्तकातल्या चित्रात हे सगळं परकराच्या गुंतलेल्या नाडीसारखं दिसे. "प्राणवायू आत बसतो," असं मी सांगायचे. आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "लोपल अंटे एक्कड, मॅडम?" आत म्हणजे कुठे? मी फळ्यावर एक गोल काढायचे आणि त्या गोलात आणखी एक गोल. मुलं निमूटपणे तो उतरवून घेत.

आत म्हणजे कुठे, ते मलाच ठाऊक नव्हतं. पुस्तकात होतं म्हणून मी सांगत होते. एकदा, आयुष्यात एकदाच, मला त्या कप्प्यात डोकावून बघायचं होतं. देवापुढे उभं राहून मागायला संकोच वाटावा अशी ही मागणी, पण माझी होती ती एवढीच. आईनं माझ्यासाठी किती काय मागितलं असेल, त्यात हे नक्की नव्हतं.

दुपारी कॉलेजातून आले की जेवून मी पडवीत आडवी व्हायचे. डोळा लागता लागता ती गुंतलेली नाडी समोर यायची. आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. माझ्या झोपेतला समुद्र म्हणजे पुरात आलेली पैनगंगा, तशीच मातकट, तशीच रुंद, फक्त पलीकडचा काठ नसलेली. तिच्यात देवमासा खाली खाली जायचा आणि त्याच्याबरोबर मीही. आवाज नाही, घाई नाही. कुठेतरी त्याच्या मांसात मी एका दारासमोर उभी राहायचे. दार कागदाचं असायचं. मी मान हलवायचे आणि ते तसंच राहायचं. मग आई चहाला हाक मारायची.

नव्वदीच्या मध्याला कॉलेजात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी प्रिन्सिपॉल साहेबांच्या शेजारची खोली रंगवून घेतली. निळे पडदे, खाली चटई, दारावर चपला बाहेर काढायची तेलुगू पाटी. साहेब निवृत्तीला आलेले, देवभोळे आणि मनानं लोण्यासारखे, पण धुळीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा बदलायचा. कॉम्प्युटरवर त्यांनी फुलाफुलांचा अभ्रा शिवून घातला होता. आठवड्यातून एखादी नोटीस त्याच्यावर टाइप व्हायची आणि मग अभ्रा पुन्हा चढायचा. मी येता-जाता दारात उभी राहून मान हलवायचे. का कोण जाणे, त्या अभ्र्याखाली माझं काहीतरी आहे असं मला वाटायचं.

एका दसऱ्याला संध्याकाळी माझा जुना विद्यार्थी घरी आला. भैंसा गावचा मुलगा, वडील तिथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये होते; हा आता हैदराबादला संशोधन करत होता. आपट्याची पानं हातात दिली, पाया पडला आणि म्हणाला, "मॅडम, ते मायोग्लोबिन आता कॉम्प्युटरवर फिरवता येते. तुमच्यासाठी फ्लॉपी आणली."

"फिरवता येते म्हणजे?"

"म्हणजे इकडून, तिकडून, खालून. जसं पाह्यजे तसं फिरवा."

त्या वेळी मी नुसती मान हलवत होते, असं तो पुढे सगळ्यांना सांगायचा.

त्याला लगेच परत जायचं होतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी, सुट्टी असूनही, साहेबांनी आमच्यासाठी खोली उघडली. चपला बाहेर काढल्या, अभ्रा घडी करून ठेवला. कॉम्प्युटरच्या कपाळाला आदल्या दिवशीच्या पूजेचं हळदी-कुंकू होतं. माझ्या विद्यार्थ्यानं फ्लॉपी खाचेत सरकवली. ती अर्ध्यावर अडली. पुन्हा सरकवली, पुन्हा अडली.

"मी म्हटलं नव्हतं का," साहेब तेलुगूत म्हणाले, "बाहेरच्या फ्लॉपीत व्हायरस असतो."

"सर, व्हायरस असा दारात आडवा पडत नसतो," तो म्हणाला आणि टॉर्च लावून आत बघू लागला. "आत काहीतरी हिरवं आहे."

साहेब चटईकडे बघायला लागले. आमच्याकडे दसऱ्याला सोनं दोन तऱ्हेचं, मराठी घरांत आपट्याचं आणि तेलुगू घरांत जम्मीचं, म्हणजे शमीचं. पूजा झाली की हे सोनं तिजोरीत ठेवतात, दुकानाच्या गल्ल्यात ठेवतात, शिवणयंत्राच्या खणातही ठेवतात. कॉम्प्युटरला सोनं द्यायचं तर कुठे द्यायचं? साहेबांना त्याचं तोंड एकच दिसलं. तिथे त्यांनी जम्मीची डहाळी भक्तिभावानं आत सरकवली होती. धुळीचा कण चालत नव्हता त्या खोलीत!

मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. कॉम्प्युटर बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस हैदराबादहून येणार, तोही केव्हा येईल कोण जाणे, आणि ज्याला हे सगळं चालवता येत होतं तो निघायच्या तयारीत होता. इतकी वर्षं थांबले आणि आता दसऱ्याच्या सोन्यापाशी अडणार की काय? मी प्रयोगशाळेतून लांब चिमटा आणला. माझ्या विद्यार्थ्यानं एकेक इवलंसं पान बाहेर काढलं आणि साहेबांनी ते एकेक करून तळहातावर घेतलं, टाकून दिलं नाही. शेवटी डहाळी निघाली. फ्लॉपी खट्‌ करून आत गेली आणि कॉम्प्युटर घरघरला.

पडदे ओढलेले होते, त्यामुळे खोलीत निळसर अंधार होता. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर आधी बारीक रेघांचा गुंता उमटला. तोच तो, पुस्तकातला. मी मनाची तयारी केली, की हेही सपाटच निघणार. मग त्यानं माऊस माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ओढा."

मी ओढला. गुंता हलला.

पुढे जे झालं ते मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. जवळच्या रेघा जास्त सरकल्या, लांबच्या कमी. कडुनिंबाच्या फांद्या सुट्या व्हायच्या तसे पीळ एकमेकांपासून सुटे झाले. एक पीळ माझ्याकडे आला, दुसरा मागे गेला, आणि त्यांच्या मध्ये पोकळी उघडली. मी आणखी ओढलं. पोकळी वळून समोर आली आणि तिच्या तळाशी, चपट्या चौकटीत बसवलेला, लोहाचा अणू दिसला. त्याच्या टोकाशी लाल रंगात प्राणवायू. आत. आत म्हणजे तिथे. मी खालून पाहिलं, मागून पाहिलं, पुन्हा समोरून पाहिलं. मान हलवायची गरज नव्हती. मी स्थिर बसले होते आणि तो रेणूच माझ्यासाठी डुलत होता. त्या निळ्या अंधारात मला वाटलं की आपण पाण्याखाली आहोत, आणि पाणी मातकट नाही, स्वच्छ आहे. मी किती वेळ फिरवत राहिले कोण जाणे. रडत होते ते मला साहेबांनी रुमाल पुढे केला तेव्हा कळलं.

"एवढं काय दिसून राह्यलं मॅडम?" माझ्या विद्यार्थ्यानं विचारलं. "मले तर काचेवर रेघा फिरतात तसं वाटते. थोडं आत-बाहेर वाटते, पण एवढं नाई."

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. मग माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "एक डोळा झाक."

त्यानं डोळा झाकला. मी रेणू फिरवला.

"आयला!" तो म्हणाला, आणि समोर आपल्या बाई बसल्या आहेत हे आठवून त्यानं जीभ चावली.

ते तसं का होतं हे आम्ही दोघांनी मग बसून समजून घेतलं. दोन डोळ्यांच्या माणसाला त्याचे दोन डोळे मिळून सतत सांगत असतात, की ही काच आहे, सपाट आहे, भुलू नको. एक डोळा झाकला की सांगणारा गप्प होतो आणि फिरणारी वस्तू जशी आहे तशी खोल दिसते. मला हे सांगणारा कुणी नव्हताच. हैदराबादच्या त्या भल्या माणसाची मला फार आठवण आली. राग नव्हता आता. तो तिथे हवा होता आणि त्यानं एक डोळा झाकायला हवा होता, एवढंच वाटलं.

घरी गेल्यावर मी आईला सांगितलं. "आई, आज मले आतपर्यंत दिसलं. दोन डोळेवाल्याइनपेक्षा चांगलं दिसलं."

आई भाजी निवडत होती. "दिसलं ना. बरं झालं, माय," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात तीच जुनी समजूत होती, मी तिची घालते असं तिला वाटायचं तशी आता ती माझी घालत होती. मी चिडले. त्या दिवशी चिडायला नको होतं, पण मला ते सहनच झालं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट घडली होती, आणि जिला ती खरी वाटायला हवी तिला ती खोटी वाटत होती. एकदा कॉलेजात येऊन स्वतःच बघ, असं मी कितीदा म्हटलं. "मले काय समजते त्यातलं," म्हणून ती विषय संपवायची. ती का टाळते ते मला कळत होतं. तिला भीती होती, की बघायला जावं आणि नेमकं तिथे कळावं की पोरीला काहीच दिसत नाही.

दिवाळीनंतर मी वर्गाला थोडं थोडं करून त्या खोलीत न्यायला सुरुवात केली. साहेब स्वतः दारात उभे राहून पाय पुसून घेत. मुलं चटईवर बसत, पडदे ओढले जात, देवमाशाचा रेणू काळ्या पाण्यात वर येई. आणि मी म्हणायचे, एक डोळा झाका. मागच्या बाकावरची मुलंही इथे पुढे सरकायची. लोपल कुठे, हे मला पुन्हा कुणी विचारलं नाही. उलट तीच मला काचेवर बोट ठेवून दाखवायची, आणि साहेब बोटांचे डाग पुसत फिरायचे.

संक्रांतीनंतर एका घरी आम्हा दोघींना हळदी-कुंकवाला जायचं होतं. मी आईला म्हटलं, कॉलेजात ये, तिथूनच जाऊ. माझ्या मनात काय होतं ते तिला कळलं असणार, पण ती आली. नेमकी माझा तास चालू असताना आली. चपला काढल्या, पडदा बाजूला केला, आणि दारातच थबकली.

तिला काय दिसलं ते मी नंतर कितीदा तरी तिच्या जागी उभी राहून पाहिलं आहे. अंधारी खोली. पुढे मी. आणि माझ्यासमोर बसलेली सगळीच्या सगळी मुलं एक डोळा तळहातानं झाकून माझ्याकडे बघताहेत.

"काऊन रे!" आई ओरडली. "लाज नाई वाटत? मास्तरीन हाये ते तुमची! काय पाप केलं तिनं तुमचं?"

तेलुगू मुलांना एक अक्षर कळलं नाही. ती तशीच, डोळ्यावर हात ठेवून, वळून तिच्याकडे बघत राहिली, त्यामुळे आई आणखीच भडकली. तामसीहून येणारी एक मुलगी तेवढी उठली.

"आजी, मॅडमनंच सांगतलं झाकाले," ती म्हणाली. "एक डोळा झाकला का आतलं दिसते."

"अन्‌ दोन डोळ्यानं?"

"दोन डोळ्यानं चपटं दिसते. मॅडमले दिसते तसं नाई दिसत."

आई दारातच उभी राहिली. तिचा उगारलेला हात तसाच अधांतरी होता. मग ती आत आली आणि चटईवर मुलांमध्ये बसली. तो हात तिनं हळूहळू वर नेला आणि डोळा झाकला. डावा.

मी रेणू फिरवायला लागले. पीळ सुटे झाले. पोकळी उघडली, समोर आली.

"ते लाल काय हाये आतमंदी?" आईनं विचारलं.

"प्राणवायू."

"लय आत हाये ना."

"हो."

"तुले असं दिसते?"

"हो, आई."

"आदीपासून?"

"मान हलवली का दिसते. लहानपणापासून."

मी फिरवत राहिले. हात दुखला तसा तिनं तो बदलला, पण डोळा डावाच झाकून ठेवला. मुलंही कुणी न सांगता पुन्हा एकेक डोळा झाकून बसली. आई रडत होती. तिच्या झाकलेल्या डोळ्याचं पाणी तळहाताखालून मनगटावर आलं होतं. ती पऱ्हाटी इतक्या वर्षांनी तिच्या हातातून खाली पडली, असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही तसंच वाटतं.

तास संपल्यावर आम्ही चपला घालून बाहेर पडलो. ऊन कललं होतं. रस्त्यावरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या आणि हवेत त्याचे तंतू तरंगत होते. मी सवयीनं पिशवी उजव्या हातात घेतली आणि आई डावीकडे येण्याची वाट बघत उभी राहिले. तिनं माझ्या हातातून पिशवी काढून घेतली आणि ती माझ्या उजवीकडून चालू लागली.

इतकी वर्षं ती माझ्यासोबत चालली आणि चालताना ती मला कधी दिसलीच नव्हती. आता दिसत होती. ती किंचित वाकून चालायची. पाऊल टाकताना ओठ मिटून घ्यायची. कानातली कुडी हलत होती आणि केसांत कापसाचा एक तंतू अडकला होता.

"काय पाहून राह्यली वं?" ती म्हणाली. "पुढं पाह्य, ठेच लागन."

"काई नाई," मी म्हणाले, आणि हळदी-कुंकवाचं घर येईपर्यंत तिच्याकडेच बघत चालले.